रात्रभराच्या खेळाची आठवण

वाचकहो, वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, गोसीखुर्द नावाचे गाव आहे. खुर्द म्हणजे धाकटे. पण ह्या धाकट्याचे नाव आज सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, ते तिथल्या मोठ्या धरणामुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. ३३ दरवाजांचे हे धरण कागदोपत्री 'इंदिरासागर', आणि लोकांच्या तोंडी नुसते 'गोसे'. धरणाची गोष्ट मोठी आहे आणि ती सांगणारेही पुष्कळ आहेत. मी आज तुमच्यापुढे तिच्या कडेला राहिलेली एक लहानशी गोष्ट ठेवणार आहे. ह्या नदीकाठच्या गावांत रात्र रात्र जे खेळ चालत आले, दंडार, खडी गंमत, नाटक, ते पाहणाऱ्यांच्या मनात काय उरते, याची ती गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, खेळ झाला, पडदा पडला, माणसे घरी गेली. त्यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? आहे, बरेच आहे. पुस्तक छापले की ते कपाटात राहते. देऊळ बांधले की त्याचे दगड राहतात. पण समोर उभा राहून माणूस जे गातो, नाचतो, त्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी काय शिल्लक असते? विझलेल्या शेकोटीची राख, चुरगळलेली तणीस आणि बघणाऱ्यांच्या डोक्यातली आठवण. त्यातली राख वारा नेतो, तणीस बैल खातात. तिसऱ्या वस्तूची काळजी घेणारे खाते मात्र कुठल्याच कचेरीत नाही. म्हणून हा लेख, आणि तो विशेषतः खेड्यातल्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठी.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. धानाचा, तलावांचा आणि रानाचा हा प्रदेश. इथली बोली झाडीबोली. तिच्यात 'ळ' नाही, त्यामुळे डोळ्याचा 'डोरा' होतो. 'ण' नाही, म्हणून पाण्याचे 'पानी'. गुरुजींनो, पोर 'डोरा' म्हणाले म्हणून त्याचा कान पिरगाळू नका. त्याच बोलीत ह्या खेळांचा विनोद जन्माला आला आहे, आणि ती बोली काढून घेतली तर त्यातला अर्धा विनोद तिथेच मरतो.

झाडीपट्टीचा खेळ धानाच्या वेळापत्रकावर चालतो. दिवाळीच्या सुमारास हलका धान घरात येतो, पुढे भारी धान निघतो, आणि हातात चार पैसे आणि चार मोकळ्या रात्री एकदमच येतात. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्यामुंबईच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. ती गावाची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचत येतात, दिवसा दंडार होते, शिंगाडे आणि ऊस विकायला बसतात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांच्या गर्दीत एखादी सोयरीकही जुळून जाते. आणि रात्री नाटक. थंडी वाढली की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा पट, रात्री पुन्हा नाटक. होळीपर्यंत हे चालते.

दंडार जुनी. तिच्यात सगळी कामे पुरुषांची, बायकांचीसुद्धा. खडी गंमत म्हणजे उभ्याने करायची गंमत; शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणे, लुगडे नेसलेला नाच्या आणि हसवणारा गडी. दोन शाहिरांचा सामना लागला म्हणजे प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याचे, आणि उत्तर येत नाही तोवर पहाट होत नाही! नाटकाचा मामला वेगळा. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे लोकांचे वडसा, हे त्याचे माहेरघर. तिथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या एकीला लागून एक आहेत. गावचे मंडळ तिथे जाते, नाटक ठरवते, विसार देते. ठरल्या दिवशी संध्याकाळी पडदे येतात, दिवे येतात, कोणी नट ह्या गावाहून, कोणी त्या गावाहून येतो. काल रात्री तो तिसऱ्याच गावी उभा होता. तालमीला फुरसत कमी, म्हणून आडोशाला बसून वाक्ये पुरवणारा माणूस फार महत्त्वाचा. कापणी झालेल्या बांधीत किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तट्टे बांधून नाट्यगृह तयार होते. कित्येक ठिकाणी जमीन खोदून ती माती पुढे चढवतात. तिचाच रंगमंच होतो, आणि खोदलेल्या उताराची बसायची जागा होते. मागच्याला पुढच्याचे डोके आड येत नाही. शहरातले वास्तुशिल्पी ज्यासाठी नकाशे काढतात ते इथे कुदळ-फावड्याने एका दिवसात होते. रात्री नऊ-दहाला घंटा वाजते. लावणी, विनोद, रडारड, वन्समोर असे करीत करीत पडदा पडतो तेव्हा उजाडायला आलेले असते.

ही परंपरा मेलेली नाही, हे आवर्जून सांगतो. करोनाच्या साथीत २०२० साली ती गप्प झाली होती, पण पुन्हा उभी राहिली. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशाच्या रस्त्यावर अनेकांना ती आपल्याच घरात आल्यासारखी वाटली असेल. तेव्हा हा लेख मृत्युलेख नाही. खेळ चालू आहे. पण ज्यांनी तीस, चाळीस, साठ वर्षांपूर्वीचे खेळ पाहिले ती माणसे थकत चालली आहेत, आणि त्यांच्या आठवणी कोणी विचारीत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता एक प्रयोग करून पाहा. गावातल्या सत्तरीच्या कोणा माणसाला विचारा, ''बाबाजी, तुम्ही पोरपणी पाहिलेल्या नाटकाची गोष्ट सांगा.'' तो थोडा घुटमळेल. राजा होता, त्याला दोन बायका होत्या, का तीन, असे काहीतरी सांगेल. कथानक त्याला आठवणार नाही. पण त्यालाच विचारा, ''बसला कुठे होता?'' की मग बघा! शेजारच्या गावाहून रेंगी जुंपून गेलो होतो जी, रेंगीत तणीस अंथरली होती, आजीच्या घोंगडीत आम्ही तीन पोरे होतो, मधल्याला झोप लागली म्हणून त्याला चिमटे काढले, गॅसबत्ती मध्येच फुरफुरली तेव्हा सगळे ओरडले, बाईचे काम करणाऱ्या गड्याने पाटलांच्या घरचे लुगडे मागून आणले होते आणि पाटलीणबाई पुढे बसून त्याच्या निऱ्यांवरच नजर ठेवून होत्या. माणूस सांगत सुटतो. नाटक विसरले, नाटकाची रात्र लख्ख आहे.

हे काही आपल्याच मुलखाचे वैशिष्ट्य आहे असे समजू नका. सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण देतो. इंग्लंडात लिव्हरपूल शहरातल्या चौघा तरुणांचा बीटल्स नावाचा वाद्यवृंद होता: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ढोल वाजवणारा रिंगो स्टार. १९६० च्या दशकात त्यांनी तरुण पिढीला वेड लावले. यांतला हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर संगीत ध्वनिमुद्रित करून गेला, आणि त्यानंतर ते चौघेही हृषीकेशला काही दिवस राहिले. तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नव्हेत. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. ५५ हजारांहून अधिक माणसे. आपल्या दंडारीला रात्र पुरत नाही. ह्यांचे सगळे गाणे अर्ध्या तासात आटोपले! आणि ते अर्ध्या तासाचेही धड कोणाला ऐकू आले नाही. त्या काळी एवढ्या मैदानाला पुरेल असे भोंगे नव्हते. गाण्याचा आवाज मैदानावरच्या घोषणांसाठी बसवलेल्या भोंग्यांतून सोडला होता, आणि समोर हजारो मुलीमुले जिवाच्या आकांताने किंचाळत होती. गाणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. रिंगोने पुढे सांगितले की पुढे उभ्या असलेल्या तिघांचे अंग कसे हलते ते पाहून आपण ताल धरीत असू.

तर ज्या कार्यक्रमात गाणे ऐकूच आले नाही, त्याची आठवण त्या माणसांनी साठ वर्षे कशी जपली? त्यांना विचारले तर तीही आपल्या बाबाजींसारखेच सांगतात. तिकीट कसे मिळवले, बापाने जाऊ दिले की चोरून गेलो, शेजारी कोण रडत होते, परत येताना गाडीत सगळे गप्प कसे होते. गाणे तर तबकडीवर घरीही होते, हवे तेव्हा लावता येत होते. मैदानावर जे मिळाले ते गाणे नव्हते. आपण एकटे वेडे नाही, आपल्यासारखी एवढी माणसे आहेत, याचे ते दर्शन होते. मंडईच्या रात्री उतारावर दाटीवाटीने बसलेल्या पोराला याहून वेगळे काय मिळत असेल?

पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी, सॅन फ्रान्सिस्को शहरात त्यांचा तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटचा आहे हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. मॅकार्टनीच्या सांगण्यावरून त्यांच्या एका सहकाऱ्याने लहानशा टेपरेकॉर्डरवर तो मुद्रित केला. फितीची एक बाजू अर्ध्या तासाची. कार्यक्रम किंचित लांबला, आणि शेवटचे गाणे चालू असतानाच फीत संपली. त्या गाण्याचा उरलेला तुकडा यंत्राकडे नाही. तो फक्त त्या रात्री तिथे हजर असलेल्यांच्या कानांत आहे. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वाद्यवृंदाची ही कथा, तर पवनीच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातल्या दंडारीची काय असेल? तिची तर सुरुवातसुद्धा कोणत्या फितीवर नाही.

जाता जाता आपल्या विदर्भाचेही उदाहरण घेतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. त्यांची भजने छापलेली आहेत, आजही गावोगावची मंडळे ती म्हणतात. पण ज्यांनी त्यांना खंजिरी हाती घेऊन पुढ्यात बसलेले पाहिले, त्यांच्याजवळ छापील भजनाहून काही जास्त आहे. तो 'जास्तीचा' भाग हाच आजचा विषय.

आठवणीत वारंवार येणारी एक गोष्ट अशी: ''आमच्या गावी घरात निजलो असता पल्याडच्या गावचे नाटक ऐकू यायचे. पेटी आणि ढोलकी अगदी उशाशी वाजल्यासारखी.'' शहरी माणसाला ही बढाई वाटते. बढाई नव्हे, ते शास्त्र आहे, आणि वर्गात शिकवण्याजोगे आहे. आवाज गरम हवेत वेगाने आणि थंड हवेत सावकाश जातो. शून्य अंश उष्णतेला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, तीस अंशाला सुमारे ३४९ मीटर. दिवसा जमीन तापते. खालची हवा गरम, वरची थंड. हिवाळ्यात निरभ्र रात्री उलटे होते. जमीन आधी निवते, तिला लागलेली हवा थंड होते आणि वरची तिच्या मानाने गरम राहते. आता बंडीला जुंपलेली बैलजोडी डोळ्यांपुढे आणा. उजवा बैल चपळ आणि डावा मठ्ठ असला तर बंडी कुठे वळते? मठ्ठ बैलाच्या बाजूला. आवाजाची लाटही तशीच, मंद चालीच्या, म्हणजे थंड हवेच्या बाजूला वळते. दिवसा थंड हवा वर, म्हणून आवाज वर निघून जातो. रात्री थंड हवा खाली, म्हणून वर चाललेला आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो आणि दूरच्या गावात उतरतो. शिवाय रात्री दुसरा गलका नसतो. कार्तिक-मार्गशीर्षातली रात्र ही नाटकासाठी आपल्या पूर्वजांनी धान पाहून निवडली; आवाजाचा फायदा त्यात आपोआप मिळाला.

ह्या उदाहरणावरून एक गोष्ट लक्षात येईल. म्हातारा माणूस सांगतो ते ऐकताक्षणी खोटे म्हणू नये. आणि ऐकताक्षणी खरेही म्हणू नये, हेही तितकेच खरे!

समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. दोघांनी लहानपणी एकाच रात्री एकच नाटक पाहिले. थोरला म्हणतो, चांदणे टिपूर होते. धाकटा म्हणतो, छे, काळोख होता, कंदील घेऊन गेलो होतो. थोरला म्हणतो नायकाने विष घेतले, धाकटा म्हणतो खलनायकाने घेतले. कोणी लबाडी करीत नाही. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेले धोतर नव्हे, की घडी उलगडली आणि जसेच्या तसे बाहेर आले. ती दर वेळी नव्याने विणली जाते, आणि विणताना घरातले दुसरे सूतही आत जाते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात याचे छान प्रयोग दिले आहेत. अमेरिकेतल्या आदिवासींची एक विचित्र वाटणारी गोष्ट त्यांनी इंग्रज लोकांना वाचायला दिली आणि मागाहून काही काळाने पुन:पुन्हा सांगायला लावली. सांगता सांगता गोष्ट आखूड झाली, आणि जे जे त्या लोकांना अनोळखी होते ते ते ओळखीचे झाले. आदिवासींच्या लांबट डोंगीची साधी इंग्रजी होडी झाली. आपल्याकडेही तेच होते. साठ वर्षांपूर्वीच्या नाटकात आजोबांना मागाहून पाहिलेल्या सिनेमाचे गाणे ऐकू येऊ लागते.

मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. माणसाला आयुष्यातले सर्वांत जास्त आठवते ते साधारण दहा ते तीस ह्या वयातले. पहिले प्रेम, पहिली मजुरी, पहिले रात्रभर जागरण ह्याच वयातले. म्हणून प्रत्येक पिढी छातीवर हात ठेवून सांगते की आमच्या वेळचे नट खरे नट. ते नटांविषयी थोडे आणि स्वतःच्या पंचविशीविषयी जास्त बोलत असतात. रागावू नका, मीही हेच करतो.

मग अशा चुकणाऱ्या आठवणींचा उपयोग काय? उपयोग असा, की चांदणे होते की काळोख हे पंचांगावरून ठरवता येते. मंडईचा दिवस ठरलेला असल्यामुळे तिथी काढणे अवघड नाही. पण थोरल्याने न सांगितलेली एक गोष्ट धाकटा सांगतो, की परतताना बापाने मला खांद्यावर घेतले होते. आणि थोरला लगेच म्हणतो, हो, आणि मी चालत आलो म्हणून रडलो होतो. इथे दोन आठवणी एकमेकींना टेकल्या. हे कुठल्याही पंचांगात सापडायचे नाही. गावातली चार माणसे एकत्र बसवली तर अशा टेकलेल्या आठवणींचे एक बऱ्यापैकी बांधकाम उभे राहते.

आता गोसीखुर्दकडे परत येऊ. आठवणीला खुंटी लागते, आणि सर्वांत पक्की खुंटी म्हणजे जागा. ''त्या चिंचेखाली शाहीर उभा राहिला होता'' असे म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही त्या चिंचेखाली नेऊन उभे करा; त्याला आणखी दहा गोष्टी आठवतील. पण चिंच पाण्याखाली असेल तर? धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने वाढत गेले, आणि वैनगंगेच्या काठची भंडारा व नागपूर ह्या दोन जिल्ह्यांतली कितीतरी गावे उठून नव्या वसाहतींत गेली. २००९ साली ह्या धरणाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाण्याने शेती भिजते, धान पिकतो, हे मी नाकारीत नाही. तलावांच्या जिल्ह्यात पाण्याची किंमत मला सांगायला नको. मोबदल्याची भांडणे आणि हिशेब हाही वेगळा विषय. पण घराची किंमत मोजली, झाडांची मोजली, विहिरीची मोजली. ज्या पडीत जागेवर वर्षातून एक रात्र नाटक होत असे, तिची पडीत जमीन म्हणून जी नोंद असेल ती असेल, नाट्यगृह म्हणून ती कोणत्या कागदावर लिहिणार?

गाव हलले की दंडारीचा संचही विस्कटतो. ढोलकीवाला एका वसाहतीत जातो, लुगडे नेसणारा लेकाकडे नागपूरला, शाहीर नातेवाइकांच्या गावी. मंडई नव्या जागी भरवता येते, पण पूर्वी आजूबाजूच्या ज्या गावांची माणसे पायवाटेने यायची त्या पायवाटाच राहिल्या नाहीत. आणि सर्वांत जास्त तुटते ते बायकांचे. मंडई हा लेकीचा माहेरी यायचा दिवस. सासरी गेलेल्या बाईचे माहेरचे गावच पाण्याखाली गेले, तर तिच्या दृष्टीने मंडई, माहेर आणि रात्रीचे नाटक ह्या तिन्ही गोष्टी एकदमच जातात. भाऊ नव्या वसाहतीत आहे, तिथे ती जाते. पण ते भावाचे घर, तिचे गाव नव्हे. असे असूनही नाटकाच्या आठवणी कोणी विचारल्याच तर पुरुषांना विचारतात. बायका वेगळ्या बाजूला बसत. त्यांना रंगमंच तिरपा दिसे, पण आत रंग लावणारे नट सरळ दिसत. कोणता नट घाबरून पाणी पीत होता, 'राणी' पडद्याआड बिडी ओढीत होती, हे त्याच सांगू शकतात. अर्धा प्रेक्षक आपण आजवर विचारलाच नाही.

गुरुजी, बाई, इथे तुमचे काम सुरू होते. तुमच्यापाशी वही आहे, मुले आहेत, आणि गावात तुम्हाला कोणी नाही म्हणत नाही. मुलांना सांगा, आजीला विचारून या. पण 'कोणते नाटक आवडले' असे विचारू नका, त्याचे उत्तर 'सगळीच चांगली होती' असे येते. लहान, ओबडधोबड प्रश्न विचारा. कशाने गेलात? अंगावर काय घेतले होते? पायाखाली काय होते? उजेड कशाचा होता, मशालीचा, गॅसबत्तीचा की विजेचा? तिकीट होते काय, आणि नसेल तर खर्च कोणी केला? बाईचे काम बाईने केले की गड्याने? झोप कधी लागली? घरी आल्यावर कोण रागावले? उजेडाच्या प्रश्नाला विशेष महत्त्व द्या, कारण गावात वीज कधी आली हे बहुधा कोणाला तरी नक्की ठाऊक असते, आणि त्यावरून नाटकाचा काळ बांधता येतो.

साल ठरवण्यासाठी अशाच गावच्या खुणा वापराव्या. माणसाला १९५८ आठवत नाही, पण 'मालगुजारी गेल्यावर' हे आठवते. ती १९५१ साली गेली. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला तो १९५६ च्या १ नोव्हेंबरला, महाराष्ट्र झाला तो १९६० च्या १ मे रोजी. अलीकडच्यांसाठी शंकरपटाची बंदी चांगली खूण आहे: २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली. पट नसलेल्या वर्षांतले नाटक आणि पटाबरोबरचे नाटक माणसे वेगळे ओळखतात. ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा पूर तर शाळेतली मुलेही सांगतील. आणि तुमच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर विसरू नका. 'मी दुसरीत होतो' असे आजोबा म्हणाले की ते उघडा. साल समोर येईल.

एक सावधगिरी. सांगणाऱ्याचे बोल सुधारू नका. तो 'पाहाले गेल्तो' म्हणाला तर तसेच लिहा. 'पाहावयास गेलो होतो' असे लिहिले की त्याचा आवाज गेला. हल्ली खिशातल्या फोनवर बोलणे उतरवता येते, ते जरूर उतरवावे, त्याची परवानगी घेऊन. पण सॅन फ्रान्सिस्कोची ती फीत आठवा आणि वहीही जवळ ठेवा. फोन हरवतो, फुटतो, नवा घेताना जुन्यातले जाते. शाईने लिहिलेली शंभर पानी वही शाळेच्या कपाटात, वाळवी सांभाळली तर, पन्नास वर्षे राहते. जुनी नाटकाची जाहिरात किंवा तिकिटाचा तुकडा कोणी दिला तर तो वहीत चिकटवू नका, खळीला किडे लागतात. पाकिटात घालून ठेवा आणि पाकिटावर कोणी, कधी दिले ते लिहा.

वही अशी आखावी: डाव्या पानावर सांगणाऱ्याचे शब्द, उजवे पान कोरे. त्या कोऱ्या पानावर दुसऱ्या कोणाची पुस्ती येईल, कोणी म्हणेल हे चूक आहे, कोणी म्हणेल तो शाहीर नव्हे, त्याचा भाऊ. तेही लिहा, आधीचे न खोडता. जी गावे उठून गेली त्यांच्या वसाहतीतल्या शाळेत हे काम आधी घ्यावे, आणि पहिल्या पानावर मुलांकडून जुन्या गावाचा नकाशा काढून घ्यावा: देऊळ कुठे, विहीर कुठे, नाटकाची जागा कुठे, बायका कोणत्या बाजूला बसत. नकाशा काढताना म्हाताऱ्यांना जवळ बसवा. ते भांडतील. भांडू द्या, त्यातूनच जागा सापडते.

यंदाची भाऊबीज झाली की मंडया सुरू होतील. लेकी चार दिवस गावात असतील. त्यांना विचारायचे असेल तर त्याच चार दिवसांत, आणि शक्यतो नाटकाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी सगळे गाव झोपलेले असते.